प्लग काढला... मग काय उरलं?

गणपतीची सुट्टी जवळ आली की आपल्या होस्टेलवर एक वेगळंच वारं फिरायला लागतं. सबमिशन अर्धवट, जर्नलवर सह्या बाकी, मेसचं बिल थकलेलं, आणि तरी सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या! कोकणातल्या मुलामुलींचं तर विचारूच नका. घरी पाय ठेवला की कामांची यादी तयार असते. ओटी धुऊन काढा, मखर बांधा, माटवी लावा... आणि त्या यादीत कुठेतरी हमखास एक वाक्य असतं, "माळ्यावरचा तो जुना टीव्ही खाली काढ गं. इंजिनिअरिंगला आहेस ना? चालू होतो का बघ, नाहीतर भंगारात देऊन टाक."

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

तुम्ही म्हणाल, आता कुठे राहिले ते पिक्चर ट्यूबचे टीव्ही? भिंतीवर पातळ पाटी लटकते, आणि खरं तर ती पण कोण बघतं, सगळे मोबाइलमध्ये. दूरदर्शनचं अँटेनावर दिसणारं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपणसुद्धा २०२२ पर्यंत बहुतेक सगळीकडे बंद झालं. सगळं मान्य. पण डबे कुठे गेले? ते कुठेच गेले नाहीत! माळ्यावर आहेत, पडवीत आहेत, गोठ्यात आहेत. आपल्या किनाऱ्यावर टीव्ही तसा लवकर आला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि अलिबागच्या बाजूला मुंबई म्हणजे समुद्रापलीकडचा शेजार. १९८२ च्या एशियाडनंतर रंग आले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत घराघरात किती डबे शिरले असतील याचा विचार करा. त्यातला एखादा तुमच्या घरीही आहेच. आणि तो उघडायचा मोह तुम्हाला होणारच, कारण तो मोह ज्यांना होत नाही ते आपल्या ब्रँचला येत नाहीत.

या उघडण्याबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, "हात लावायचा नाही! आत करंट असतो." दोन, "काही होत नाही रे, प्लग काढ आणि उघड." पहिलं मत घरच्यांचं आणि टीव्हीच्या पाठीवर चिकटवलेल्या पिवळ्या स्टिकरचं. दुसरं आपल्या रूमपार्टनरचं. माझं म्हणणं असं आहे की दोन्ही मतं सारखीच आळशी आहेत. कारण दोघांनाही आत काय आहे ते बघायचं नाही. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन बारीक पांढरे ठिपके आहेत, ते सांगतायत.

झालं असं. आमचं घर चौल-रेवदंड्याकडे, वाडीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या वाड्यांची काय दशा झाली ते इथल्या निम्म्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, कौलं उडाली, आणि लाइट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. मी तेव्हा नुकतीच दहावीतून सुटले होते. लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द झालेली जी प्रसिद्ध बॅच, ती आमची. म्हणजे वेळच वेळ!

घरात आजीचा एकवीस इंची रंगीत टीव्ही होता. आजीचा म्हणजे खरंच आजीचा, तिने सुपारीच्या पैशातून घेतलेला. त्याच वर्षी मार्चमध्ये दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला घेतलं तेव्हा आजी अंघोळ करून, हात जोडून त्याच्यासमोर बसायची. वादळानंतर महिनाभराने लाइट आली. आम्ही आधी फ्रीज लावला, मग पंप, मग टीव्ही. फ्रीज चालला, पंप चालला. टीव्ही गप्प. साधा लाल दिवासुद्धा नाही. बाबा वाडीत पडलेली झाडं तोडण्यात अडकलेले, गावातले टीव्हीवाले काका मुंबईला अडकलेले. मग मीच म्हटलं, बघते.

मी बेफिकीर नव्हते हे आधी सांगते. मी वाचलं होतं, व्हिडिओ बघितले होते. पिक्चर ट्यूबच्या पाठीवर रबरी टोपी असते, तिच्याखाली पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि टीव्ही बंद केल्यावरही ते टिकून राहतात, हे मला पाठ होतं. प्लग काढला. पाच मिनिटं थांबले. चपला घातल्या, पाटावर बसले. लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधली, वायरचं दुसरं टोक ट्यूबवरून जाणाऱ्या उघड्या जाळीदार तारेला लावलं, डावा हात पाठीमागे घेतला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच टोपीखाली सरकवलं. धाकटा भाऊ टॉर्च धरून उभा, श्वास रोखून. काहीच झालं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. मला वाटलं, जिंकलो!

मग त्याच आनंदात मी खालचा बोर्ड खाचेतून बाहेर ओढायला त्याच्याखाली बोटं घातली.

पुढचं मला नीट आठवत नाही. हातोडीने दंडावर मारावं तसं काहीतरी झालं आणि हात आपोआप मागे उडाला. तो जाऊन आपटला ट्यूबच्या मानेवर. "कट्" असा आवाज आला आणि मग "सुस्स्स..." असा लांबलचक. भाऊ ओरडला, "ताई, गॅस!" गॅस कसला, हवा आत शिरत होती. आजीचा टीव्ही त्या अर्ध्या मिनिटात कायमचा गेला.

आजी एका शब्दाने रागावली नाही. तिने माझ्या तोंडात साखर घातली आणि पुढचे आठ दिवस मला बटणाला हात लावू दिला नाही. फक्त त्या संध्याकाळी सातला तिने सवयीने खुर्ची त्या कोपऱ्याकडे वळवली, जरा वेळ उभी राहिली, आणि मग परत होती तशी सरळ करून ठेवली. बोटाचं दुखणं दोन दिवसांत गेलं. ती खुर्ची अजून जात नाही.

नंतर टीव्हीवाले काका गावात परतले. त्यांनी बोर्ड हातात घेतला, एका जाडजूड कंडेन्सरवर बोट टेकवलं आणि विचारलं, "याला हात लागला ना?" मी म्हटलं, "पण काका, मी टोपीचा चार्ज काढला होता." ते हसले. म्हणाले, "टोपीत काही नव्हतंच. टीव्ही महिनाभर चालला कुठे होता? तू जिथे काही नव्हतं तिथे सांभाळून गेलीस आणि जिथे होतं तिथे बिनधास्त हात घातलास. मेलेला टीव्ही जास्त चावतो, पोरी."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. सेकंड इयरला एसएमपीएस शिकताना अचानक कळलं, आणि त्या लेक्चरला मी सरांचं पुढचं काही ऐकलंच नाही! बघा ना. घरात २३० व्होल्ट येतात. त्यांचं रेक्टिफिकेशन झालं की मोठ्या कंडेन्सरवर शिखराचा दाब बसतो, सुमारे ३२५ व्होल्ट डीसी. टीव्ही चालू असेल तर प्लग काढल्यावर पुढचं सर्किट तो चार्ज काही सेकंदांत पिऊन टाकतं. पण पुढचं सर्किटच मेलं असेल तर? प्यायला कोणी नाही! चार्ज निरोधकांमधून थेंब थेंब गळत राहतो, आणि तिथला एखादा निरोधक उडालेला असेल तर तेवढाही गळत नाही. मी टीव्ही लावून बघितला तेव्हा कंडेन्सर भरला, आणि माझी ती पाच मिनिटं त्याला पुरली नाहीत. आपण उघडतो ते टीव्ही कुठले असतात? बिघडलेलेच. चालू टीव्ही कोण उघडतं!

आता जरा हिशोब करू, एफईच्या फॉर्म्युल्याने. अर्धा सी व्ही वर्ग. कंडेन्सर २२० मायक्रोफॅरडचा धरा आणि दाब ३२५ व्होल्ट. ऊर्जा येते साडेअकरा ज्यूलच्या आसपास. पिक्चर ट्यूब हीसुद्धा एक कंडेन्सरच. आतून काळा लेप, बाहेरून काळा लेप, मध्ये काच. तिची धारिता दोनेक नॅनोफॅरड धरली आणि दाब पंचवीस हजार व्होल्ट, तर ऊर्जा येते जेमतेम ०.६ ज्यूल. म्हणजे ज्याच्या नावाने सगळे घाबरतात त्या टोपीपेक्षा, ज्याचं नाव कोणी घेत नाही त्या कंडेन्सरमध्ये वीसपट माल! याचा अर्थ टोपी निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. तिचा झटका हात उडवतो, आणि उडालेला हात काय करतो ते मी वर सांगितलंच आहे. अर्थ एवढाच की भीतीसुद्धा मोजून घ्यायला हवी. ऐकीव भीती ऐकीव धाडसाइतकीच चुकीच्या जागी बघते.

म्हणून माझं म्हणणं एका प्रश्नात मावतं. जुना टीव्ही उघडण्याआधी "प्लग काढला का?" एवढं विचारून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा, "प्लग काढला, मग काय उरलं?" त्या डब्यात चार गोष्टी उरतात.

पहिलं उरतं ते या मोठ्या कंडेन्सरमधलं. काकांकडे त्यासाठी एक होल्डर होता, त्यात साधा साठ वॅटचा बल्ब आणि दोन चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी. त्या कंडेन्सरच्या दोन पायांना टेकवायच्या, बल्ब भुर्रकन चमकून विझतो. आपण लॅबमध्ये दहा किलोओहम, दहा वॅटचा निरोधक वापरू शकतो. २२० मायक्रोफॅरडला त्याचा टाइम कॉन्स्टंट २.२ सेकंद, म्हणजे दहा-बारा सेकंदांत काम फत्ते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणं ही मर्दुमकी नव्हे, त्यात ठिणगी उडते आणि बोर्डाचं नुकसान होतं. आणि काहीही केलं तरी शेवटी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजायचं. निऑन टेस्टरचा इथे भरवसा नाही. तो एसी फेज शोधायला बनलाय, चार्ज झालेला कंडेन्सर ओळखायला नाही.

दुसरं उरतं ते ट्यूबमधलं. इथे बहुतेकजण एक चूक करतात. टोपीचा चार्ज काढायचा म्हणून वायरचं टोक घराच्या अर्थिंगला किंवा नळाला लावतात. अहो, टीव्हीचा प्लग दोन पिनांचा, तोही काढलेला. डबा घराच्या अर्थला जोडलेलाच नाही, तर चार्ज जाणार कुठून? ट्यूबचा दुसरा ध्रुव म्हणजे बाहेरचा काळा लेप. त्याच्यावरून जी उघडी जाळीदार तार जाते, तिलाच क्लिप लावायची, आणि ती आधी लावायची. मग एका हाताने टोपीखाली टोक. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात, म्हणजे छातीतून वाट मिळत नाही. आणि एकदा करून थांबायचं नाही. काचेत मुरलेला थोडा चार्ज परत वर येतो, म्हणून काही मिनिटांनी पुन्हा करायचं. टोपीचा दाब साध्या मल्टिमीटरने मोजायला मात्र चुकूनही जाऊ नका, तो हजार व्होल्टपर्यंतचा असतो.

तिसरं उरतं त्याला विजेचा संबंधच नाही. ती आहे पोकळी. एकवीस इंची ट्यूबचा पडदा साधारण एक अष्टमांश चौरस मीटर. वातावरणाचा दाब त्याच्यावर बाराशे-तेराशे किलो वजनाइतका पडतो. दोन मारुती ८०० त्या काचेवर रचून ठेवल्यात असं समजा! पुढची काच जाड असते, तिला पोलादी पट्टा असतो, ती सहन करते. नाजूक असते ती मान. ट्यूब मानेला धरून कधी उचलायची नाही, मानेवरचा छोटा बोर्ड सरळ मागे ओढायचा, हलवून हलवून नाही. डोळ्यावर चष्मा हवा. माझी मान मोडली तेव्हा (ट्यूबची हो!) हवा सावकाश शिरली म्हणून फक्त "सुस्स" झालं. भाऊ टॉर्च घेऊन ट्यूबच्या दीड हातावर उभा होता. दरवेळी "सुस्स"वर भागेल असं नाही.

चौथं काय उरतं ते सांगण्याआधी एक सूचना. उघडलेला डबा पुन्हा प्लगला लावू नका. बोर्डाचा अर्धा भाग थेट मेन्सला जोडलेला असतो, तिथल्या हीट सिंकवरही दाब असू शकतो. दुकानात मेकॅनिक सिरीज बल्ब लावून टीव्ही तपासतात ते बघून आपल्याला वाटतं, बल्ब लावला की सुरक्षित. बल्ब करंटला आवर घालतो, म्हणजे बोर्डात शॉर्ट असेल तर उरलेले पार्ट वाचतात. तुम्ही वाचत नाही. त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि एसएमपीएसच्या प्रायमरीला सीआरओच्या प्रोबची अर्थ क्लिप लावून लॅबची लाइट घालवलेले महाभाग आपल्याच कॉलेजात आहेत, नावं घेत नाही!

आता चौथं. खरं म्हणजे त्याच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

मान मोडलेला टीव्ही आम्ही भंगारवाल्याला दिला. त्याने शंभर रुपये दिले, आम्ही सुटलो. काही दिवसांनी खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी एक ट्यूब बघितली. योक काढून घेतलेलं, कारण त्यात तांबं. बाकी काच फोडून टाकलेली. ती आमचीच होती का, मला सांगता येणार नाही. पण दोन लहान मुलं तिचे तुकडे घेऊन पाण्यावर भाकऱ्या काढत होती, आणि एकाच्या हाताला आतली पांढरट पूड लागलेली होती.

रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा शिशाचं ऑक्साइड असतं. ते मुद्दाम घातलेलं असतं, आतून निघणारे क्ष-किरण अडवायला. म्हणजे टीव्ही चालू होता तोवर ते शिसं आजीचं रक्षण करत होतं. टीव्ही गेल्यावर तेच शिसं फुटून खाडीकाठी पडलं. पडद्याच्या आतली पूड म्हणजे फॉस्फर, त्यात झिंक सल्फाइड असतं, यट्रियम असतं, जुन्या ट्यूबमध्ये कॅडमियमही असे. हे तोंडात जाण्याच्या गोष्टी नव्हेत, आणि लहान मुलांचे हात कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे.

मी आजीच्या घरात स्वतःला सांभाळलं नाही, त्याची शिक्षा मला मिळाली, फिटलं. पण जे उरलं ते मी दाराबाहेर ढकललं आणि ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातात गेलं. टीव्ही सुरक्षित उघडणं म्हणजे फक्त आपण शॉक न खाणं, असं आपण धरून चालतो. ट्यूब अख्खी राहून योग्य जागी पोचली तरच ते काम पूर्ण झालं. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून. टीव्ही त्यात येतो आणि त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेले पुनर्वापर करणारे आहेत. अडचण एवढीच की रेवदंड्याच्या एका घरातून एक ट्यूब न्यायला कोणी येत नाही. ही अडचण एकट्या माणसाची आहे. कॉलेजची नाही. ते पुढे सांगते.

आता आक्षेप. आमचे एक सर (नाव नको, जर्नल अजून त्यांच्याकडेच आहे) हा विषय निघाला की म्हणतात, "मुलांना सांगायचंच नाही. सांगितलं की करतात." सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणते, सर, न सांगितलं तरी करतात. मी केलं. आणि आपण नाही उघडला तरी भंगारवाला उघडणारच आहे, दगडाने. रूमपार्टनरचं म्हणणं, "व्हिडिओ बघून सगळं जमतं." व्हिडिओ मीही बघितला होता. पण त्यातला टीव्ही चालू अवस्थेतला होता, माझा मेलेला. व्हिडिओ करणाऱ्याला ज्याची भीती वाटते तेवढंच तो दाखवतो. आणि तिसरा आक्षेप, "संपलेल्या गोष्टीवर एवढा वेळ कशाला?" कारण प्रश्न संपलेला नाही. भिंतीवरच्या एलईडी टीव्हीच्या सप्लायमध्ये तोच कंडेन्सर आहे. इन्व्हर्टरमध्ये आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तर दोन हजार व्होल्टच्या वरचा आहे आणि तो जीव घेऊ शकतो, त्याच्या वाटेला घरी जाऊच नका. उद्या आपल्यातले निम्मे इलेक्ट्रिक गाड्यांवर काम करणार, तिथे प्लग काढल्यावर अख्खी बॅटरीच उरते!

आणि मग उघडायचं कशाला, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. कारण आत बघण्यासारखं आहे. आपल्यापैकी किती जणांच्या घरात कणत्वरक होता? सगळ्यांच्या! पंचवीस हजार व्होल्टने ढकललेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे तीस टक्के वेगाने पडद्यावर आदळतो. सेकंदाला ९० हजार किलोमीटर, आजीच्या ओटीवर. त्याला सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे नेणारं योक तुम्ही हातात धरून बघू शकता. लहानपणी टीव्ही लावला की जी बारीक शिटी ऐकू यायची ती याचीच, मोठ्यांना ती ऐकू येत नसे. आणि टीव्ही लावताक्षणी "ठण्ण" व्हायचं ते आठवतं? पृथ्वीचं चुंबकत्व ट्यूबमधल्या लोखंडी जाळीत मुरतं, इलेक्ट्रॉन वाकडे जातात, रंग बिघडतात. ते चुंबकत्व पुसण्याचा तो आवाज. आता गंमत बघा. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवायला घेतली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे मापनं बिघडली असती. ज्या अदृश्य गोष्टीची नोंद आपल्या अलिबागमध्ये शंभराहून जास्त वर्षं चाललीय, तीच गोष्ट आजीच्या टीव्हीत रामाच्या निळ्या रंगात ढवळाढवळ करत होती. हे पुस्तकात वाचून कळतं. पण जाळी, कॉइल, लेप बोटाने दाखवून कोणी सांगितलं तर विसरत नाही.

म्हणून एक प्रस्ताव मांडते, सरांनी आणि रेक्टर मॅडमनी विचार करावा. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या कोपऱ्यात एक लाकडी टेबल द्या. त्यावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, बल्बचा होल्डर, चष्मे, एक चांगला मल्टिमीटर. महिन्यातून एका शनिवारी एक जुना टीव्ही. समोर लॅबचे असिस्टंट आणि शक्य असेल तर बाजारातले एखादे टीव्हीवाले काका, मानधन देऊन. त्या पिढीच्या हातात जे आहे ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही आणि दहा वर्षांनी कुठेच नसेल. शेवटच्या वर्षाने एफईला दाखवायचं. एकटं कोणी करायचं नाही. आणि ट्यूबा अख्ख्या, खोक्यात घालून, साठवायच्या आणि वर्षातून एकदा मान्यताप्राप्त पुनर्वापरवाल्याची गाडी बोलवायची. एका ट्यूबसाठी कोणी येत नाही, पण पन्नास ट्यूबांसाठी येईल की! प्रत्येकाने गणपतीहून येताना एक डबा आणला तर पन्नास व्हायला किती वेळ लागतो? एसटीचा कंडक्टर काय म्हणेल ते मात्र तुम्ही बघा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर या सुट्टीत आई म्हणालीच, "टीव्ही खाली काढ," तर काढा. दोघांनी धरा, पडदा छातीकडे ठेवा, मान सांभाळा. पुसा, फडकं झाका, आणि तसाच ठेवा. चालू होतो का म्हणून लावून बघू नका, पाठ उघडू नका, भंगारवाल्याला देऊ नका. "इंजिनिअरिंगला आहेस ना?" असं कोणी विचारलंच तर सांगा, आहे, म्हणूनच अजून उघडला नाही.

आजीला मी पहिल्या स्टायपेंडमधून भिंतीवरचा टीव्ही घेऊन दिला. तिला तो फारसा आवडलेला नाही, माणसं चपटी दिसतात म्हणते. मागच्या दिवाळीत तो बिघडला. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले तशी आजी खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली. मला वाटलं ओरडणार. ती म्हणाली, "आधी त्यातलं उरलेलं काढलंस का?"

बघा, पटतंय का!